बोट मालवणात, मालक मारतहळ्ळीत: पावसाळी डागडुजीला किती खर्च येतो?

मे अखेरीस बोट वर ओढली, शाकारून ठेवली आणि तुम्ही बंगळुरूला परतलात. आता ऑगस्ट संपेपर्यंत ती पाण्यात जाणार नाही. दहा-पंधरा वर्षं जुन्या फायबर बोटीचं काम काढायला हाच काळ. मारतहळ्ळीत राहणाऱ्या मालकापुढे पहिला प्रश्न असतो तो बोट घरी आणावी की तिकडेच ठेवावी हा. त्याचं उत्तर आधी देतो: सांगाडा कोकणात ठेवा, इंजिन घरी आणा. का, ते हिशेबातच दिसेल.

खालचे आकडे १४ फुटी उघडी फायबर बोट आणि ९.९ ते १५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड धरून दिले आहेत. साधारण बाजारभाव म्हणून घ्या आणि कोटेशन मागताना हाताशी ठेवा. बोट १८ फुटांची असेल तर सांगाड्याचा खर्च सरळ दुप्पट धरा, दीडपट नव्हे. लांबीबरोबर रुंदी आणि खोलीही वाढते.

आधी वाहतूक बघू. १४ फुटांची बोट छोटा हत्ती किंवा बोलेरो पिकअपमध्ये बसत नाही. वरून बांधून नेऊ म्हणणाऱ्या ड्रायव्हरचं ऐकू नका. माल गाडीच्या बॉडीबाहेर आला तर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च तुमचाच. नाळ थोडी पुढे झुकलेली असते, त्यामुळे १४ फुटी आयशरही अपुरा पडतो, १७ फुटी लागतो. मालवण ते मारतहळ्ळी सुमारे ६०० किलोमीटर, म्हणजे एका बाजूचं भाडं २५ ते ३५ हजार. जाऊन-येऊन ५० ते ७० हजार. रिटर्न गाडी मिळाली तर एका फेरीत बरेच वाचतात, पण ती तुमच्या तारखेला मिळत नाही. त्यावर दोन्ही टोकांना चढवणं-उतरवणं, सहा-आठ माणसं, प्रत्येक वेळी दोन-तीन हजार. पावसात आंबोली घाट हा वेगळा ताप. बंगळुरूत गर्दीच्या वेळी मालट्रकना मज्जाव असतो, त्यामुळे गाडी आउटर रिंग रोडवर रात्री उशिरा येते. उतरवायला माणसं त्या वेळेला जमवायची, आणि जागं झालेल्या सोसायटीची समजूतही काढायची.

इ-वे बिलाचा मुद्दा वेगळा. ५०,००० रुपयांवरच्या मालाला ते लागतं. वापरलेल्या घरगुती सामानाला सूट आहे, पण बोट हे घरगुती सामान आहे हे रात्री दोन वाजता तपासणी पथकाला पटवत बसायची तुमची तयारी आहे का? नोंदणीची प्रत, मालकीचं स्वघोषणापत्र आणि दुरुस्तीसाठी नेत आहोत असं पत्र गाडीत हवंच. बोटीच्या विम्यात रस्त्यावरचा प्रवास बहुतेक वेळा धरलेला नसतो, त्यामुळे ट्रान्झिट विमा वेगळा.

एवढ्या पैशांत मालवणात सांगाड्याचं सगळं काम मजुरीसकट होतं.

कोणी म्हणेल, कोकणातल्या पावसात फायबरचं काम होतं का? प्रश्न रास्त आहे. पॉलिएस्टर रेझिनला दमट हवा मानवत नाही आणि ओल्या लाकडावर तर कुठलंच रेझिन नीट धरत नाही. उघड्यावर, ताडपत्रीखाली केलेलं काम पुढच्या मे महिन्यात सुटायला लागतं. म्हणून काम छपराखालीच करून घ्यायचं. गावात एखादा रिकामा मांगर पावसाळ्यापुरता तीन-चार हजारांत मिळतो. बोट मेमध्येच आत घ्या. कुजलेला भाग त्याच वेळी कापून काढायला सांगा, म्हणजे हवा कोरडी असताना आतलं लाकूड आणि फायबर वाळेल. जूनमध्ये उघडलेली बोट सप्टेंबरपर्यंत वाळत नाही. जून-जुलै नुसते वाळवायला जाऊ द्या, रेझिनचं काम ऑगस्टच्या उघडिपीत.

मेकॅनिक आणि फायबरवाल्याची तारीख मात्र एप्रिलमध्येच घ्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि सगळ्या होड्या एकाच वेळी दुरुस्तीला येतात. मच्छीमाराची होडी आधी होणार, तुमची हौशी बोट नंतर. त्याचं पोट आहे, तुमचा रविवार आहे. त्यात वावगं काही नाही, पण नियोजन त्याप्रमाणे करा.

पैसे ओतण्याआधी मागची फळी तपासा, म्हणजे इंजिन जिच्यावर अडकवतात ती. जुन्या बोटीचा निकाल तिथेच लागतो. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लाय असतो आणि बोल्टच्या भोकांतून पाणी आत गेलं की तो बाहेर काही न दाखवता कुजतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फळीभर टकटक करा. टणक, कोरडा आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर त्या जागी आतल्या बाजूने, पाणरेषेच्या वर, ५ मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि ड्रिलच्या पात्याला काय लागून येतं ते पाहा. फिकट, कोरडा भुसा आला तर फळी वाचली. काळपट, ओला, आंबूस वासाचा लगदा आला तर फळी गेली. तपासून झाल्यावर भोक इपॉक्सीने बुजवा. दुसरी परीक्षा इंजिन लावलेलं असताना करायची: इंजिन वर तिरकं करा, पायावर जोर देऊन हलवा आणि फळी वाकते का ते बघा. केसभर वाकली तरी बदलायची. ‘काय होवचा नाय, अजून दोन वर्सा सहज जातली’ असं सांगणारा माणूस त्या बोटीत बसणार नसतो.

फळी बदलायची तर प्लाय आयएस ७१० शिक्क्याचाच घ्या. दुकानदार ‘मरीन’ म्हणून काहीही पुढे करतो. फळ्यावरचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून तिथल्या तिथे पडताळा. १८ मिलिमीटरची ८ बाय ४ ची एक शीट साडेतीन ते पाच हजारांना पडते. दोन थर चिकटवायला आणि कडा पाजायला तीन-चार किलो इपॉक्सी, सुमारे तीन हजार. प्लायच्या कडा आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद झालं पाहिजे. हे काम होताना स्वतः हजर राहा, निदान व्हिडिओ कॉलवर. झाकल्यावर ते कुणालाच दिसत नाही, म्हणून वगळलंही तेच जातं.

तळासाठी पॉलिएस्टर रेझिन घेताना दुकानात दोन नावं ऐकू येतील: जीपी आणि आयसो. जीपी स्वस्त असतं, पाण्याच्या टाक्यांची झाकणं नि पत्रे त्याचे करतात. पाण्यात राहणाऱ्या तळाला आयसोच हवं. किलोला २०० ते २८० रुपये, २० किलो धरा. ४५० जीएसएमची मॅट १० किलो, दीड ते दोन हजार. हार्डनर, ॲसिटोन, रोलर, ब्रश मिळून अडीच हजार. प्रायमर आणि पीयू रंग पाच ते सात हजार. स्टेनलेस बोल्ट ३१६ दर्जाचे, दोन हजार; ३०४ दर्जाचे अर्ध्या किमतीत मिळतात, पण खाऱ्या पाण्यात त्यांच्यावर तांबूस ओघळ येतात. सगळं धरून माल २१ ते २७ हजार. फायबरवाल्याची आणि सुताराची मजुरी २० ते ३० हजार, कामाचे दिवस दहा ते पंधरा. रेझिन बंगळुरूहून वाहून नेऊ नका. ज्वलनशील माल बसवाले घेत नाहीत, घेतला तर तुम्हीच त्या बसने जाऊ नये. गोव्यातून किंवा फायबरवाल्यामार्फत मागवा. डब्यावरची तारीख पाहा, कारण रेझिन सहा महिन्यांत म्हातारं होतं.

पैसे वाचवायचे म्हणून सर्रास होणारे काही उद्योग ओळखून ठेवा. पाणरेषेखाली गाडीची पुट्टी भरली तर ती पाणी पिते आणि वर्षभरात फुगते. बाथरूमचं सिलिकॉन बोल्टखाली लावलं तर सुटतंच, वर त्या जागी पुढे रंगही धरत नाही. पीयू सीलंटची नळी ४०० ते ६०० रुपयांना आहे, तीच वापरा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर थर तडकतो. प्रमाण एक ते दोन टक्के, त्यापुढे नाही. एकदा इपॉक्सी लावलेल्या जागेवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट बसत नाही, तिथे रंगच द्यावा लागतो. हे फायबरवाल्याला माहीत असतं, पण उरलेला जेलकोट संपवायचा मोह त्यालाही होतो. आणि हार्डनर व कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू देऊ नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळायचं, मग हार्डनर. बहुतेक दुकानांतल्या रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असतं, ते विचारून घ्या.

आता इंजिन. हे काम तुम्ही मारतहळ्ळीत करू शकता, शनिवार-रविवार धरून महिन्याभरात. वजन ४० किलोच्या आसपास, दोन माणसांचं काम. स्वतःच्या गाडीतून आणलं तर सर्वांत बरं. खासगी बसच्या डिकीतून आणायचं तर टाकी आणि कार्ब्युरेटर पूर्ण रिकामं करा. पेट्रोलचा वास आला की क्लीनर नकार देतो, किंवा ‘ॲडजस्ट’ करायचे हजार रुपये मागतो. आडवं ठेवावं लागलं तर कंपनीने दाखवलेल्या कुशीवरच, आणि पंख्याची बाजू डोक्यापेक्षा वर जाता कामा नये. तसं झालं की उरलेलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. फोर-स्ट्रोक असेल तर कूस चुकल्यास ऑइलही जातं.

घरी आल्यावर पहिल्यांदा गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करा आणि बशीत थोडं ऑइल घ्या. काळं-करडं पण स्वच्छ असेल तर नुसतं बदला. दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेले आहेत, पाणी आत शिरलंय. मग पुढचं काहीही करण्याआधी तेवढं काम मेकॅनिककडून, कारण सील बसवायला दाबयंत्र आणि अनुभव दोन्ही लागतात. बाकी यादी घरची आहे: इम्पेलर किट दीड ते साडेतीन हजार, प्लग ३०० ते ६००, गिअर ऑइल ६०० ते हजार, झिंक ८०० ते दोन हजार, कार्ब्युरेटर किट दीड ते तीन हजार, पेट्रोलचा पाइप आणि हातपंपाचा रबरी फुगा दीड ते अडीच हजार. एकूण ६ ते साडेबारा हजार. वर मेकॅनिकला दाखवायचे तीन ते सहा हजार ठेवा. इम्पेलर चांगला दिसला तरी बदला. तो कोरडा मिनिटभर फिरला तरी जळतो आणि त्याच्यापाठोपाठ इंजिन.

पाइप बदलण्याबाबत टाळाटाळ नको. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं आणि हवेतली ओल ओढतं. तीन महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी खाली बसतं आणि हंगामाच्या पहिल्याच दिवशी इंजिन खाडीच्या मध्यावर बंद पडतं. म्हणून टाकी रिकामी ठेवूनच पावसाळा काढायचा. काढलेलं पेट्रोल ताजं असेल तर गाडीत टाका. त्यात टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं असेल तर थोडं थोडं, जुन्या स्कूटरला. परवान्याविना घरी ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवता येतं हे खरं, पण तो कायदा झाला. अपार्टमेंटच्या बाल्कनीत ५ लिटरही जास्तच.

बोल्ट, प्लग, क्लिपा, ग्राइंडरची पाती यासाठी एसपी रोड आणि जेसी रोड. मारतहळ्ळीला मेट्रो नाही, पण कुंदलहळ्ळीहून पर्पल लाइन पकडा, मॅजेस्टिकला ग्रीन लाइन बदला, चिकपेटला उतरा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी सकाळी जा. ॲसिटोन, थिनर, रंग असले डबे मेट्रोच्या तपासणीत अडवतात. ते घ्यायचे तर परतीला रिक्षा धरा आणि भाडं आधीच हिशेबात घ्या. इम्पेलर आणि झिंक इथे शोधत बसू नका. इंजिनाचा मॉडेल क्रमांक फोटोसह गोव्याच्या किंवा कोचीच्या डीलरला पाठवला की कुरिअरने येतात. ‘सेम आहे’ म्हणून मिळणारा स्वस्त इम्पेलर एका हंगामात कडक होतो.

इंजिन चालवून पाहायला पाणी लागतं. नळाची नळी लावून सोडून देऊ नका. मार्च २०२४ च्या टंचाईत बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली होती आणि दंड ५,००० रुपये ठेवला होता. टँकरवर जगणाऱ्या मारतहळ्ळीतल्या सोसायटीला हे विसरलेलं चालत नाही. गुजरीतून २०० लिटरचा जुना प्लास्टिक ड्रम सहाशे ते हजार रुपयांत आणा. आधी त्यात काय होतं ते विचारा, रसायनाचा असेल तर सोडा. लाकडी घोडीला इंजिन अडकवा आणि पंखा काढून पाय ड्रममध्ये सोडा. सोसायटीचं प्रक्रिया केलेलं पाणी चालेल, शेवटचं धुणं मात्र स्वच्छ पाण्याने. बाजूने पाण्याची सलग धार आली पाहिजे. ती अर्ध्या मिनिटात दिसली नाही तर लगेच बंद करा.

हे सगळं मोकळ्या हवेत करायचं. बेसमेंटमध्ये नाही, दार उघडं ठेवूनही नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो. असोसिएशनची परवानगी लेखी घ्या: तारीख, वेळ, जागा, जास्तीत जास्त अर्धा तास. काही ठिकाणी दोन-पाच हजार अनामत मागतात, तिची पावती घ्या. जुनं ऑइल गॅरेजवाल्याला द्या, तो विकतो आणि तुमच्याकडून पैसे घेत नाही. आणि जवळच वर्तुरचा तलाव आहे, तिथे एक फेरी मारून बघू, असा विचार आला असेल तर काढून टाका. शहरातल्या तलावात परवानगीविना बोट उतरवता येत नाही.

कागदपत्रांचं काम यातल्या कशाहीपेक्षा आधी सुरू करा. यांत्रिक बोटीला नोंदणी, सर्वेक्षणाचा दाखला आणि विमा लागतो. खाडी आणि नदीसाठी अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ हेच सांगतो. मालवणच्या बोटीसाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचं बंदर कार्यालय; ते वेंगुर्ला गटाखाली येतं. बोट गोव्यात असेल तर पणजीचं कॅप्टन ऑफ पोर्ट्स. सोबत ठेवा: नोंदणी प्रमाणपत्र, मागचा सर्वेक्षण दाखला, विमा पॉलिसी, इंजिनाचं बिल, ओळखपत्र. बोट वडिलांच्या नावावर राहिली असेल तर आधी वारसांची संमती आणि नावबदल, नाहीतर सर्वेक्षणाच्या दिवशी तुम्ही तिथे त्रयस्थ ठरता. बोट मच्छीमारी म्हणून नोंदलेली असेल तर ती मत्स्यव्यवसाय खात्याकडे आहे. हौशी वापराला ती नोंद पुरत नाही. फी बोटीच्या आकारावर आणि इंजिनावर ठरते. चलन पाहून भरा, एजंटच्या वहीतला आकडा पाहून नको.

दुरुस्तीच्या नादात इंजिनच बदललं तर अश्वशक्ती आणि क्रमांक नोंदणीवर बदलून घ्यावा लागतो. सेकंडहँड इंजिन घेताना क्रमांकाची पट्टी खरवडलेली असेल, किंवा आयात मालाचं बिल नसेल तर किंमत कितीही कमी असो, हात जोडून निघा. असं इंजिन विम्यातही बसत नाही आणि नोंदणीतही.

आता बेरीज. सांगाडा ४१ ते ५७ हजार, इंजिन ९ ते १९ हजार, मांगर-ताडपत्री-हमाली चार-पाच हजार. म्हणजे ५५ ते ८० हजार. कागदपत्रं, विमा आणि तुमच्या तीन-चार खेपांचं प्रवासभाडं यात नाही. नवी हौशी बोट घ्यायची तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीच ४० टक्के आहे, त्यामुळे जुनीवर खर्च करण्यात अर्थ आहे, पण मर्यादेत. तळाच्या आतल्या लाकडी पट्ट्याही कुजल्या असतील आणि कोटेशन दीड लाखापुढे गेलं तर सांगाडा सोडा, इंजिन ठेवा आणि वापरलेली पण धड बोट शोधा. इंजिनाला गिऱ्हाईक असतं, कुजक्या सांगाड्याला नसतं. तो हलवायलाही तुम्हालाच पैसे मोजावे लागतात.

फायबरवाल्याला पैसे देण्याची पद्धत: मालाचे पैसे दुकानात थेट, बिल तुमच्या नावावर. मजुरीचे ३० टक्के काम सुरू होताना, ४० टक्के फळी बसवून बंद करण्याआधीचे फोटो आल्यावर. उरलेले ३० टक्के नारळी पौर्णिमेनंतर, बंदर खात्याने वाहतूक मोकळी केल्यावर. बोट पाण्यात घाला, खाडीत अर्धा तास चालवा, परत वर घ्या. तळात हात फिरवून कोरडं लागलं की तिथेच द्या, आणि पावतीवर पुढच्या मेपर्यंतची हमी लिहून घ्या.